आनुत्साच्या पाठवणीचा सूर

ग्रिगोरेला मनगट मोडून घ्यायचंच होतं, तर वर्षभरात वेळ काय कमी होती? ईस्टरच्या आधीचे लांबलचक उपासाचे दिवस होते. तेव्हा गावात ना लग्न असतं ना नाच, सगळी वाद्यं भिंतीला टांगलेली. पण नाही. थोरल्या मुलीचं लग्न पंधरवड्यावर आलेलं असताना हा साठीचा गृहस्थ आलुबुखाराच्या झाडावर चढला, शेंड्याची फळं हातानेच खुडायची म्हणून फांदीवर पुढे पुढे सरकत गेला, आणि शिडीला लाथ मारून थेट खाली आला. झाडाला काही झालं नाही. ग्रिगोरेचा डावा हात मात्र कोपरापासून बोटांच्या मुळांपर्यंत प्लास्टरमध्ये गेला.

"अख्ख्या गावाची होरिंकाची दारू खाली पडलेल्या फळांचीच होते," त्याची बायको पालागिया येईल त्याला सांगत होती. "पिऊन पडतात सगळे, चव कोण बघतंय? पण आमच्या मालकांना फळ फुलासारखं खुडलेलं पाहिजे!"

ग्रिगोरे एरवी बायकोला उत्तर दिल्याशिवाय राहायचा नाही. या वेळी तो गप्प होता. दुखत होतं म्हणून नव्हे. डावा हात हा त्याचा व्हायोलिनचा हात होता, आणि कोसाऊच्या खोऱ्यात ग्रिगोरेच्या व्हायोलिनशिवाय नवरीची पाठवणी झाली, असं गेल्या कित्येक वर्षांत कुणी ऐकलं नव्हतं.

पाठवणी म्हणजे साधी गोष्ट नव्हे. चर्चला निघण्याआधी नवरी अंगणात आईबापांसमोर उभी राहते, झाल्यागेल्याची क्षमा मागते, आणि त्या वेळी एक ठरलेली चाल वाजते. ती ऐकून नवरीने रडायचं असतं. न रडणारी नवरी म्हणजे गावाला हिवाळाभर पुरेल असा विषय. सासरची एवढी ओढ? की माहेरी पोरीचे हाल होत होते? ग्रिगोरेच्या हातून मात्र एकही नवरी कोरड्या डोळ्यांनी गेली नव्हती. ज्या पोरी खिडकीतून उडी मारून पळून जायला निघाल्या होत्या आणि ज्यांची लग्नं घाईघाईने लावावी लागली होती, त्यांनासुद्धा त्याने ढसाढसा रडवलं होतं.

आणि आता स्वतःच्या आनुत्साला कोण रडवणार? शेजारच्या ब्रेब गावचा पिंतेया होता. पिंतेया वाईट वाजवत नव्हता. तेच तर ग्रिगोरेचं दुखणं होतं.

"मी वाजवते," इलिंका म्हणाली.

इलिंका ही धाकटी. बाया मारे शहरात दिवसा ती चष्म्याच्या दुकानात लोकांना फ्रेमा घालून दाखवायची, आणि आठवड्याच्या शेवटी एका पबमध्ये बँडबरोबर इलेक्ट्रिक गिटार वाजवायची. ग्रिगोरेने पोरींना व्हायोलिन शिकवलं नव्हतं. त्याच्या वडिलांनी त्याच्या बहिणींना शिकवलं नव्हतं, मग विषयच मिटला. इलिंकाने रडून पाहिलं, रुसून पाहिलं, आणि शेवटी गिटार घेतली. ती ग्रिगोरेने आजवर एकदाही नीट बसून ऐकली नव्हती. दर वेळी नेमकी डुकरांना खायला घालायची वेळ व्हायची.

"गिटार?" तो म्हणाला. "पाठवणीला?"

"मग काय, पिंतेयाला बोलवायचं?"

हे लागलं. ग्रिगोरेने प्लास्टर मांडीवरून टेबलावर ठेवलं, टेबलावरून परत मांडीवर घेतलं. "शुक्रवारपर्यंत ऐकव मला," तो म्हणाला. "जमलं तर जमलं. नाही तर..." पुढचं नाव त्याने गिळलं.

इलिंकाला मनातून काय पाहिजे होतं, ते तिने कुणाला सांगितलं नाही. तिला पाठवणी वाजवायची होती ती आनुत्सासाठी, हे खरंच. पण बाबांनी एकदा तरी डुकरांना उपाशी ठेवून तिची गिटार ऐकावी, हेही तितकंच खरं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने बॅटरीवरचा छोटा स्पीकर खिडकीत ठेवला आणि तोआदेरमामाला बोलावलं. तोआदेर हा पालागियाचा भाऊ, ग्रिगोरेचा जन्माचा जोडीदार. तो झोंगोरा वाजवायचा. झोंगोरा म्हणजे गिटारच, पण छातीशी उभी धरायची, तारा मोजक्याच, आणि उजवा हात असा चालवायचा की लाकूड फोडतोय असं वाटावं. ग्रिगोरे वर काहीही वाजवो, तोआदेर खाली आपला तीन-चार कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, धरून दणादण चालायचा.

इलिंकाची पद्धत साधी होती, आणि शहरात ती कधी फसली नव्हती. आधी खालचे कॉर्ड ऐकायचे. कॉर्ड मेजर असेल तर वरचे सूरही मेजर स्केलचे, उजळ, हसरे. कॉर्ड मायनर असेल तर मायनरचे, उदास. कॉर्ड बदलला की आपणही त्याच्या सुरांवर जाऊन उतरायचं, म्हणजे ठिगळ दिसत नाही. तिने कान देऊन ऐकलं. तोआदेरमामाचा पहिला कॉर्ड मेजर. दुसरा मेजर. तिसरा मेजर. चौथाही.

"मामा, सगळे मेजरच?"

"मला काय माहीत ते काय आहेत," तोआदेर म्हणाला. "माझे आहेत."

मग इलिंकाने पाठवणीची चाल मेजरमध्ये वाजवली. प्रत्येक सूर कॉर्डवर बरोब्बर बसला. कुठे खरखर नाही, कुठे टोचणं नाही. चाल संपली तेव्हा पालागिया स्वयंपाकघराच्या दारात पुसणं घेऊन उभी होती.

"छान आहे गं," ती म्हणाली. "टीव्हीवर लागतं तेच ना? दात पांढरे होतात ते?"

ग्रिगोरे उठला आणि डुकरांकडे गेला.

इलिंकाला कळलं की चूक उजळपणात आहे. बाबांची चाल रडकी होती, हे लहानपणापासून कानात होतं. मग सूर मायनर हवेत. पण खाली मामाचा मेजर असताना वर मायनर धरायचं म्हणजे तिसऱ्या सुराची, गंधाराची पंचाईत. खाली शुद्ध, वर कोमल, दोघांची डोकी एकमेकांवर आपटणार. क्लासमध्ये असं कुणी वाजवलं असतं तर सरांनी डोक्याला हात लावला असता. तेव्हा इलाज एकच. मामालाच मायनर शिकवायचं.

"ह्या बोटाऐवजी हे बोट," ती म्हणाली. "फक्त एवढंच."

"मायनर म्हणजे काय? आजारी माणसाचं?"

"धर ना, मामा."

"माझ्या बापाने हे बोट इथे ठेवलं. त्याच्या बापाने इथे ठेवलं. आणि तू चष्मे विकता विकता..."

"मामा, आनुत्साचं लग्न आहे!"

तोआदेरने बोट हलवलं. एखाद्याने परक्याच्या अंथरुणात पाय घालावा तसं चोरटेपणाने हलवलं, पण हलवलं. दोन दिवस दोघं घासत होते. शेवटी खाली मायनर, वर मायनर, सगळं एका रंगाचं झालं. इलिंकाला वाटलं, आता साधलं. खूप उदास वाटत होतं.

तेवढ्यात कुंपणाशी शेजारची व्होइका आली. डोक्याला काळा रुमाल, हातात मेणबत्ती.

"कोण गेलं गं?" तिने हलक्या आवाजात विचारलं. "ग्रिगोरे तर नाही ना? पडल्याचं कळलं होतं."

"जिवंत आहे!" गोठ्यातून ग्रिगोरे ओरडला.

व्होइकाने छातीवर क्रूसाची खूण केली आणि मेणबत्ती पाठीमागे लपवली. जाता जाता म्हणाली, "मग लग्नघरात हे असलं कशाला वाजवता?" तोआदेरने झोंगोरा भिंतीला टेकवला, आपलं बोट डोळ्यांसमोर धरून नीट तपासलं, आणि ते परत बापाने ठेवलं होतं तिथे नेऊन ठेवलं. त्यानंतर तो काही केल्या ऐकेना.

इलिंकाने हात टेकले. मेजर वाजवलं तर जाहिरात, मायनर वाजवलं तर मयत. मधे काही असतं असं तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती पायरीवर बसून राहिली. उद्या-परवा बाबा पिंतेयाला फोन करतील, पिंतेया मिशा पुसत येईल, अगदी सांत्वन करायला आल्यासारखा बाबांच्या पाठीवर थोपटेल, आणि ते बघणं तिच्या वाट्याला येईल. तिला खरोखर वाईट वाटत होतं.

ग्रिगोरे गोठ्यातून आला. तो तिच्या शेजारी बसला नाही, समोर उभा राहिला.

"तोआदेर," तो म्हणाला, "वाजव. तुझं नेहमीचं."

तोआदेरने झोंगोरा उचलला आणि आपले हसरे, दणकट कॉर्ड सुरू केले. ग्रिगोरेने घसा खाकरला आणि चाल गायला लागला. शब्द नाहीत, नुसतं ला-ला. इलिंकाने बापाला गाताना कधी ऐकलं नव्हतं. व्हायोलिन असल्यावर त्याला गायची गरज काय? आवाज फाटका होता, दमसास नव्हता, पण सूर जिथे जायला हवा तिथे जात होता. ती गिटार घेऊन त्याच्या मागे मागे तारेवर बोट ठेवत गेली. बाकी सगळे सूर सापडले. तो एक तिसरा सूर सापडेना. गिटारच्या दांड्यावरच्या पाचव्या पट्टीवर बोट ठेवलं तर बाबा जरा वर असायचे. सहाव्या पट्टीवर ठेवलं तर जरा खाली.

"बाबा, परत. तोच तुकडा."

ग्रिगोरेने तो परत गायला. पुन्हा तेच. बापाचा सूर दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी बसला होता, आणि गिटारवर तिथे जागाच नव्हती. व्हायोलिनला पट्ट्या नसतात, बोट हवं तिथे टेकवता येतं.

मग इलिंकाने एक गोष्ट केली जी ती दर शनिवारी, बिअरच्या वासात, दहा-वीस वेळा करायची आणि जिचा या अंगणात विचार करायलाही तिला लाज वाटली असती. पबमधलं पबमध्ये, घरचं घरी, असं तिने आपलं ठरवून टाकलं होतं. तिने पाचव्या पट्टीवर कोमल सूर धरला आणि तार बोटाने किंचित वर ओढली. पूर्ण नाही, अगदी जराशी. ब्लूज वाजवणारा प्रत्येक जण हे करतो. खाली मेजर कॉर्ड चालू असतो, वर मायनरचा सूर धरायचा आणि तो तार ओढून थोडा अवघडून ठेवायचा. दोन सूर एकमेकांना टोचतात, आणि ते टोचणंच पब शांत करतं.

खाली तोआदेरचा शुद्ध सूर मजेत होता. वर इलिंकाचा सूर त्याच्याशी भांडत, त्याच्याकडे ओढ घेत, पण त्याच्यापर्यंत न पोचता रडत होता. ग्रिगोरे गाता गाता थांबला.

तिने चाल शेवटपर्यंत नेली. पालागिया दारात आली होती. या वेळी ती टीव्हीबद्दल काही बोलली नाही. तिने पुसणं तोंडाला लावलं आणि आत गेली.

"हे कुठे शिकलीस?" ग्रिगोरेने विचारलं.

"पबमध्ये."

"पबमध्ये जाऊ नको म्हणून मी किती वेळा सांगितलं तुला?"

"खूप वेळा, बाबा."

"हं," ग्रिगोरे म्हणाला. मग उजव्या हाताने खिसा चाचपत, कुणाकडेही न बघता पुटपुटला, "त्या पिंतेयाला फोन करून येऊ नको म्हणून सांगायला हवं."

"बोलावलंत तुम्ही त्याला?" तोआदेर ओरडला. "माझ्या मागे? त्या मिशाळ बोक्याला?"

"आवाज हळू. हात दुखतोय माझा." आणि तो फोन घेऊन बागेच्या टोकापर्यंत गेला. तिकडून त्याचं मोठमोठ्याने हसणं ऐकू आलं. डुकरं कधीची ओरडत होती, पण त्या संध्याकाळी त्यांना पालागियाने खायला घातलं.

गोष्ट इथेच संपायला हरकत नव्हती. पण अजून आनुत्सा बोलली नव्हती.

शुक्रवारी अंगणात बायका सारमाले वळत बसल्या होत्या. कोबीचं आंबवलेलं पान तळहातावर घ्यायचं, त्यात तांदूळ-खिम्याचं सारण ठेवायचं, बोटभर लांब गुंडाळी करायची आणि हंड्यात लावायची. लग्नाला हे हंडेच्या हंडे लागतात. आनुत्साने इलिंकाला कोपर मारलं आणि दोघी आपली पानं घेऊन कोठाराच्या सावलीत जाऊन बसल्या.

"मी काल ऐकलं," आनुत्सा म्हणाली. "तुमची तालीम."

"मग? कसं वाटलं?"

"वाजवू नकोस ते."

इलिंकाला आधी वाटलं थट्टा आहे. आनुत्सा घरातली सगळ्यात दांडगी. घोड्याला नाल ठोकताना पाय धरायला बाबा हिलाच बोलवायचे. "मेकअपसाठी म्हणतेस? सिगेतहून बाई येणार आहे ती?"

"मेकअपचं काय घेऊन बसलीस." आनुत्साने एक गुंडाळी इतकी आवळली की सारण दोन्हीकडून बाहेर आलं. "सोमवारी आम्ही स्पेनला निघतोय. व्हिओरेल दर उन्हाळ्याला यायचा, परत जायचा, मला वाटायचं स्पेन म्हणजे इथेच कुठेतरी आहे. आता बॅग भरलीय तर झोप लागत नाही. मला भाषा येत नाही. तिथे संत्र्यांच्या पॅकिंगला लावून देतो म्हणतोय, पण तिथली बाई काय बोलेल ते मला कळणार नाही. मला भीती वाटतेय, इलिंका. कुणाला सांगितलं नाही मी."

"होणाऱ्या नवऱ्यालाही नाही? व्हिओरेलला?"

"त्याला सांगितलं तर तो म्हणेल, नको जाऊया. खरंच म्हणेल, वेडा आहे तो. आणि मग इथे काय करायचं? लाकडं तोडायची?" तिने डोळे पुसले नाहीत, कारण अजून काही आलं नव्हतं. "मी उद्या एकदा रडायला लागले ना, तर मला थांबता येणार नाही. सगळ्या गावासमोर म्हणेन की मी जात नाही. तू ते पहिलं वाजव. दातांचं."

"बाबा काय म्हणतील?"

"बाबांचं मी ऐकतेच आयुष्यभर. तू एकदा माझं ऐक."

इलिंकाने मान हलवली. दुसरं काय करणार? एका बाजूला बापाने आयुष्यात पहिल्यांदा तिची गिटार उभं राहून ऐकली होती, आणि दुसऱ्या बाजूला बहीण कोबीचं पान हातात घेऊन विनवत होती. तिने दोघांनाही हो म्हटलं होतं. आणि एकाच चालीत तो तिसरा सूर दोन्हीकडे ठेवता येत नाही.

शनिवारी सकाळी अंगण फुलून गेलं. गावातले पुरुष इवल्याशा गवती टोप्या डोक्यावर कशाबशा टिकवून उभे होते. व्हिओरेलची मंडळी घुंगरू बांधलेला लग्नाचा झेंडा नाचवत आली, होरिंकाच्या बाटल्या हातोहात फिरल्या, घराचं दार आतून लावून थोडी ठरलेली भांडणं झाली. मग आनुत्सा बाहेर आली. डोक्यावर मण्यांचा मुकुट, पांढरी भरतकामाची बाही, आणि चेहरा असा की नाल ठोकायला उभी आहे. ती टेबलापाशी आईबापांसमोर उभी राहिली. लग्नाचा पुढारी तिच्या वतीने पद्यात क्षमा मागू लागला: लहानपणी सांडलेल्या दुधाबद्दल, न ऐकलेल्या शब्दांबद्दल. त्याने हाताने खूण केली. तोआदेरने झोंगोरा छातीशी धरला. आणि इलिंकाने चाल सुरू केली, मेजरमध्ये.

सूर कॉर्डवर अगदी व्यवस्थित बसत गेले. बायकांनी रुमाल काढून तयार ठेवले होते, ते तसेच हातात राहिले. कुणीतरी खोकलं. व्होइका शेजारणीकडे वळून काहीतरी बोलली. तोआदेरने वाजवता वाजवता इलिंकाकडे असं बघितलं की तिला त्याच्याकडे परत बघवेना. ग्रिगोरेने काहीच केलं नाही. तो टेबलक्लॉथवरच्या गुलाबांकडे बघत होता. त्याला वाटलं असणार, पोर घाबरली. किंवा त्याहून वाईट, त्याला वाटलं असणार की परवाचं ते चुकून जमलं होतं. इलिंकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आनुत्साचे डोळे कोरडे होते, आणि शब्द दिला होता. ती वाजवत राहिली.

चालीचा पहिला फेरा संपला. आनुत्सा आईचा हात सोडून मागे वळली.

"हे काय वाजवतेयस?"

इलिंका वाजवता वाजवताच कुजबुजली, "तूच म्हणालीस ना."

"म्हणाले होते." आनुत्साला कुजबुजता येतच नव्हतं, अख्खं अंगण ऐकत होतं. "पण हे ऐकून मला वाटतंय मी कोपऱ्यावर मीठ आणायला चाललेय. मी काय मीठ आणायला चाललेय का गं? मला घरातून नीट निघू दे. बाबांचं वाजव."

"रडशील."

"मग रडेन!"

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. तोआदेरने कॉर्ड थांबवले नव्हते. तो थांबत नसतोच. इलिंकाने पाचव्या पट्टीवर बोट ठेवलं आणि तार जराशी ओढली.

पहिल्या सुराला पालागिया रडू लागली. दुसऱ्या ओळीला व्होइका आणि तिच्या मागच्या बाकावरच्या सगळ्या. आनुत्सा उभी होती. तिने खालचा ओठ दातांत धरला, आणि मग चाल पुन्हा त्या सुराकडे चढली, तशी ती रडली. नवऱ्या रडतात तशी रुमालाच्या कोपऱ्यात नव्हे. तोंड उघडं टाकून, मुकुट वाकडा करून, आईच्या खांद्यावर पडून ती लहान पोरीसारखी रडली. सिगेतच्या बाईची सकाळभराची मेहनत पालागियाच्या नव्या ब्लाउजवर उतरली. व्हिओरेल असा उभा होता, जणू त्यानेच काहीतरी फोडलंय. आणि ग्रिगोरे टेबलाशी बसला होता. प्लास्टरमधून बाहेर डोकावणारी त्याची बोटं टेबलक्लॉथवर एकेक करून दाबली जात होती, इलिंकाच्या बोटांच्या किंचित आधी, आणि त्या एका सुरावर त्याची करंगळी गुलाबावर टेकून तशीच थरथरत राहायची. त्याने मान वर केली आणि इलिंकाकडे बघितलं. एवढं बघितलं, ते तिला पुरलं.

चाल संपली. आनुत्साने बाहीने नाक पुसलं, बापाच्या प्लास्टरवर ओठ टेकवले, मुकुट स्वतःच सरळ केला आणि मोठा श्वास घेतला. आता ती काय म्हणणार, याची इलिंकाला धास्ती होती.

"चल, व्हिओरेल," आनुत्सा म्हणाली. "आता जमेल मला."

फाटक उघडलं. चर्चपर्यंत वाजवणाऱ्यांनी पुढे चालायचं असतं, नवरा-नवरीने मागे, आणि चाल नाचाची हवी, जोरकस, कारण रडणं अंगणात संपलेलं असतं. इलिंकाने स्पीकर खांद्याला अडकवला. तोआदेरमामाचे कॉर्ड तेच होते, हातही तसाच चालत होता. त्यांच्यावर आता तिने मेजर धरलं, स्वच्छ आणि हसरं, आणि या वेळी ते जाहिरातीसारखं वाटलं नाही. मुलं ओरडत पुढे धावली. पुरुषांनी शिट्ट्या घातल्या.

पहिलं वळण आलं आणि इलिंकाला रस्ता दिसेनासा झाला. सोमवारपासून घरात आनुत्सा नसणार, हे तिने इतके दिवस स्केलच्या नादात मनाला सांगितलंच नव्हतं. आता ते एकदम आलं. पाणी गालांवरून गिटारवर पडत होतं. दोन्ही हात तारांवर होते आणि वरात थांबवता येत नाही, त्यामुळे डोळे पुसायची काही सोय नव्हती. ती तशीच वाजवत, ठेचकाळत चालत राहिली.

नवरीने वाजवणाऱ्यांच्या पुढे जायचं नसतं. ते अशुभ समजतात. आनुत्साने व्हिओरेलचा हात सोडला, स्कर्ट दोन्ही हातांनी वर धरला आणि लांब ढांगा टाकत पुढे आली. मागे बायकांनी हायहाय केलं. तिने भरतकामाची बाही मुठीत धरली आणि बहिणीचं तोंड, आधी एक डोळा, मग दुसरा, मग नाक, खसाखसा पुसून काढलं.

"थांबू नकोस," ती म्हणाली. "वाजव."